कपाटाच्या दारावरचं पान

"ते सगळं छान आहे गं, पण मला कागद दे," काका म्हणाले.

गोष्ट ऑगस्ट २०२२ ची. सदाशिव पेठेतल्या एका वाड्याच्या पहिल्या मजल्यावर आमच्या दिवाळी अंकाचं बिऱ्हाड आहे. दोन टेबलं, एक लोखंडी कपाट, जुन्या अंकांचे गठ्ठे आणि पावसाळ्यात फुगून बसणारी एक खिडकी. पोटासाठी मी हिंजवडीत प्रोग्रॅमिंग करते आणि जूनपासून दसऱ्यापर्यंत दर शनिवारी इथे येते. पैसे मिळत नाहीत, अंक मिळतो. संपादक बाई, मुद्रितशोधन करणारे काका, मांडणी करणारा मुलगा आणि मी, एवढाच गोतावळा. मुलगा बत्तीस वर्षांचा आहे, पण काकांच्या लेखी चाळिशीच्या आतले सगळे मुलगेच.

२०२० साली टाळेबंदीत अंक घरोघरी बसून काढायची वेळ आली, तेव्हा मी सगळ्यांना ट्रेलोवर नेलं. ज्यांनी ते पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. पडद्यावर एक फलक, फलकावर उभे रकाने, रकान्यांत कार्डं. आमचे रकाने म्हणजे 'येणार', 'आले', 'संपादन', 'पहिलं प्रूफ', 'दुसरं प्रूफ', 'मांडणी' आणि 'छापखाना'. एका लेखाचं एक कार्ड. काम पुढे गेलं की कार्ड उजवीकडच्या रकान्यात सरकवायचं. कार्ड उघडलं की आत तारीख, टिपा, जोडलेल्या फायली. बाईंना हे इतकं आवडलं की त्या पहाटे पाचला उठून चहाआधी फलक बघू लागल्या. काका मात्र लांबच राहिले. त्यांच्याकडे बटणांचा फोन आहे आणि फोनचं काम बोलण्यापुरतं, असं त्यांचं मत आहे. दोन वर्षं बाई त्यांना रोज सकाळी फोनवरून फलक वाचून दाखवत होत्या.

का. र. मित्रांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी संपादक दरवर्षी एका तारखेशी झोंबतो आहे, आणि ती तारीख तरी कुठे एका जागी थांबते? २०२२ चं लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होतं, आदल्या वर्षीपेक्षा अकरा दिवस आधी. त्यात ३१ ऑगस्टला गणपती. म्हणजे दहा दिवस पेठेत गाडी येणार नाही आणि फोनवर एकमेकांचं ऐकू येणार नाही. बाई म्हणाल्या, यंदा रोज वाचून दाखवणं मला जमायचं नाही. मग काकांनी कागद मागितला.

पहिल्यांदा मी सोपा मार्ग धरला. पडद्याचं चित्र काढून छापलं. चार रकाने कागदावर आले, तीन कागदाबाहेर राहिले, आणि बाईंनी फलकाच्या मागे लावलेल्या डोंगराच्या फोटोने प्रिंटरची निम्मी शाई पिऊन टाकली. काकांनी तो कागद उलटा केला आणि पाठीवर किराण्याची यादी लिहिली.

या फलकांचा मूळपुरुष जपानी आहे. टोयोटाच्या कारखान्यात ताइइची ओनो यांनी 'कानबान' नावाची पद्धत रुजवली. कानबान म्हणजे पाटी. सुट्या भागांच्या खोक्याबरोबर एक कार्ड असायचं, त्या खोक्यातला माल वापरात आला की कार्ड मागे जायचं आणि तेवढाच माल नव्याने यायचा. ते कार्ड हातात धरायचं होतं. पुढे २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या फॉग क्रीक कंपनीने ट्रेलो आणलं, २०१७ मध्ये अॅटलासियनने ते साडेबेचाळीस कोटी डॉलरना विकत घेतलं, आणि आता मी त्यातून पुन्हा कागद काढायच्या मागे लागले होते. हे काकांना सांगितलं. "म्हणजे गावाला वळसा घालून घरीच आलो की," ते म्हणाले.

फलकाच्या मेन्यूत आत आत शिरलं की सगळा मजकूर एका फायलीत उतरवून घेता येतो. एक्सेलला चालणारी सीएसव्ही फाईल पैसे भरणाऱ्यांना मिळते, फुकट्यांना जेसन. "हा जेसन कोण?" असं काकांनी विचारलं होतं. त्यांना वाटलं, छापखान्यात नवा माणूस आला.

मी ती फाईल उतरवली. आमच्या दीडशेच्या आसपास कार्डांची फाईल तीन एमबीच्या वर गेली होती आणि सगळा मजकूर एका ओळीत, कुठे श्वास घ्यायला जागा नाही. नीट सोडवून पाहिल्यावर कळलं की लेखाचं नाव, रकाना, तारीख आणि टिपा, म्हणजे आम्हाला हवं ते, त्यात मिठाएवढं होतं. डोंगराचा फोटो वेगवेगळ्या आकारांत कुठे ठेवलाय त्याचे पत्ते. कुठल्या गोष्टीची मर्यादा किती, त्याचे तक्ते. प्रत्येक कार्डाला तीसहून जास्त नोंदी, त्यातल्या बऱ्याच रिकाम्या. आणि सगळ्यात मोठा भाग 'हालचालीं'चा. बाईंनी एका कार्डावर नुसतं 'हो' लिहिलं असेल, तर त्या 'हो'बरोबर फलकाचं नाव, कार्डाचं नाव, रकान्याचं नाव, बाईंचं पूर्ण नाव, त्यांच्या फोटोचा पत्ता, असं अर्धं पान येतं. लग्नाच्या एका पाहुण्याबरोबर अख्खी गाडी यावी तसं.

शिवाय गोष्टी एका जागी नाहीत. कार्डावर रकान्याचं नाव नसतंच, चोवीस अक्षरी ओळखक्रमांक असतो. त्या क्रमांकाचा रकाना कोणता, ते दुसऱ्या यादीत शोधायचं. टीप तिसऱ्या यादीत, तिच्यावर कार्डाचा क्रमांक. माणसं चौथ्या यादीत. यंत्राच्या दृष्टीने ही मांडणी चांगलीच आहे. रकान्याचं नाव बदललं तर एकाच ठिकाणी बदलावं लागतं. पण माणसाने डोळ्यांनी वाचायची ही चीज नव्हे.

अशा कामासाठी जेक्यू नावाचं एक तयार अवजार मिळतं. ते मी वापरून पाहिलं. एका लांबलचक ओळीत काम झालं, पण आठ दिवसांनी तीच ओळ मला स्वतःला वाचता येईना. मग पायथॉनमध्ये एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. नाव ठेवलं 'पान'. खिडक्या नाहीत, बटणं नाहीत. टर्मिनलमध्ये, म्हणजे नुसत्या आज्ञा लिहायच्या चौकटीत, 'पान' लिहायचं, पुढे फायलीचं नाव, एंटर. ऑफिसात आम्ही लोकांसाठी देखणी पानं बनवतो, त्यात निम्मा वेळ बटणाचा रंग ठरवण्यात जातो. इथे तो प्रश्न नव्हता. वापरणारी मी एकटी, वाचणारे काका, आणि काकांना टर्मिनल दिसणारच नव्हतं.

पहिली आवृत्ती एका रात्रीत झाली. नको त्या नोंदी गाळायच्या आणि उरलेलं छोट्या जेसनमध्ये लिहायचं. चालवली तर लेखांची सगळी नावं गायब! त्या जागी नुसत्या तिरक्या रेघा आणि आकडे. इंग्रजीबाहेरचं अक्षर दिसलं की त्याचा युनिकोड क्रमांक लिहायचा, अशी पायथॉनच्या जेसन लिहिण्याची मूळची सवय आहे. 'क' आला की तिरकी रेघ, यू आणि ०९१५. ही सवय बंद करायला एक शब्द पुरतो, आणि मला तो ठाऊक होता. पण ऑफिसात सगळा माल इंग्रजी, त्यामुळे तो लिहायची वेळ वर्षानुवर्षं आली नव्हती. मराठीत काम काढलं की संगणकाचे असे कोपरे दिसतात, जिथे आपल्या आधी कुणी झाडू मारलेला नसतो.

दुसरा कोपरा लांबीचा. ओळ कागदात मावावी म्हणून नाव चाळीस अक्षरांवर कापायचं ठरवलं. संगणकाच्या मोजणीत 'क्षि' म्हणजे चार : क, हलन्त, ष आणि ऱ्हस्व वेलांटी. त्यामुळे चाळीस झाली की सुरी कुठेही पडायची. एका ललितलेखाच्या नावातली 'गोधडी' तिच्या वेलांटीवर कापली गेली आणि कागदावर 'गोधड' उरलं. काकांनी ते लाल पेन्सिलीने दुरुस्त करून माझ्यापुढे ठेवलं, समासात प्रश्नचिन्हासह. त्यानंतर मी नावं कापणं बंद केलं. ओळ दुमडली तर दुमडली.

मांडणीवाल्या मुलाने ऐकलं आणि त्याला हीच यादी एक्सेलमध्ये हवी झाली. ते सोपं. पण त्याने फाईल दोनदा टिचकी मारून उघडली आणि मराठीच्या जागी फ्रेंचसारखं काहीतरी दिसलं. देवनागरीचं एकेक चिन्ह फायलीत तीन बाइटांचं असतं. फाईल युटीएफ-८ आहे हे एक्सेलला आपण सांगितलं नाही, तर ते तीन बाइट तीन वेगळी अक्षरं समजून दाखवतं. सुरुवातीला तीन बाइटांची एक खूण टाकली की शहाण्यासारखं वागतं. मुलगा श्री-लिपी फॉन्टच्या जमान्यातला, कचरा अक्षरं बघून त्याला काहीच वाटलं नाही. "ताई, फॉन्ट बदलून बघू का?" म्हणाला.

१३ ऑगस्टच्या शनिवारी पहिला खरा कागद निघाला. ए-फोर, दोन पानं, रकान्यांच्या मथळ्याखाली लेखांची नावं. बाईंनी आणि काकांनी एकदमच वाचायला घेतला.

"हे कसे येणार?" काका म्हणाले.

'येणार'च्या यादीत एका लेखकाचं नाव होतं. ते मार्चमध्ये गेले होते.

चूक माझी, आणि दुहेरी. बाई दरवर्षी जुने रकाने बाजूला ठेवतात आणि त्याच नावांचे नवे करतात. बाजूला ठेवलेली गोष्ट फलकावर दिसत नाही, पण फायलीत असतेच, 'बंद' अशी खूण होऊन. मी ज्या कार्डांवर बंदची खूण होती ती गाळली होती. पण रकाना बंद केला की त्यातली कार्डं बंद होत नाहीत. खूण फक्त रकान्यावर लागते, आत कार्डं उघडीच राहतात. घराला कुलूप, आत दिवे चालू. त्यात मी रकाने नावावरून एकत्र केले होते, म्हणून गेल्या वर्षीचा 'येणार' आणि यंदाचा 'येणार' एक झाले. दुरुस्ती दोन ओळींची होती. पण बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. त्या लेखकाचा लेख २०२१ मध्ये आलाच नव्हता, आणि त्याचं कारण आम्हाला नंतर कळलं होतं.

पुढच्या शनिवारी तारखा. प्रत्येक लेखाची मुदत कागदावर एक दिवस आधीची पडली. फायलीतल्या वेळा ग्रिनिचच्या असतात, आपण साडेपाच तास पुढे, हे मला झोपेतही सांगता येईल. तरीही मी घाईत वेळेच्या नोंदीतली पहिली दहा अक्षरं तारीख म्हणून उचलली होती. एरवी हे खपूनही गेलं असतं. दुपारची मुदत तिकडेही त्याच दिवशी असते. पण बाई मुदत नेहमी पहाटे पाचची घालतात, कारण त्या तेव्हा बघतात. आपल्या पहाटे पाचला ग्रिनिचमध्ये आदल्या रात्रीचे साडेअकरा. काकांनी कागदाप्रमाणे एका लेखकाला फोन करून मुदत संपल्याचं बजावलं. तो बिचारा घाबरला आणि रात्री जागून सकाळी लेख देऊन गेला. बाई मला म्हणाल्या, "हे दुरुस्त नाही केलंस तरी चालेल."

केलं. पण तेवढ्या ओळीपाशी दोन मिनिटं थांबून.

एवढ्यावर कागद बरा निघू लागला. दर शनिवारी मी येताना फाईल उतरवायची, पान चालवायचं, छापायचं. काका ते कपाटाच्या दाराला चुंबकाने लावायचे आणि आठवडाभर त्यावर लाल पेन्सिलीने खुणा करायचे. पुढच्या शनिवारी त्या खुणा बघून मी फलकावर कार्डं हलवायची. म्हणजे यंत्रातून कागद आपोआप, कागदातून यंत्रात हाताने. ऑफिसातल्या मित्राला सांगितलं तर तो हसला. हसू दे. काकांच्या खुणा मी वाचते तेव्हा कुठला लेख अडलाय आणि का, हे मला फलकापेक्षा जास्त कळतं.

मलाही हौस आली. टर्मिनलमधल्या प्रोग्रॅमची एक गंमत असते : एकाचं पाणी दुसऱ्यात सोडता येतं. बेल लॅब्जच्या डग मॅकिलरॉय यांनी १९६४ मध्येच एका टिपणात प्रोग्रॅम बागेतल्या नळ्यांसारखे जोडता यायला हवेत असं लिहून ठेवलं होतं. १९७३ मध्ये युनिक्स या संगणकप्रणालीत ते प्रत्यक्षात आलं. तर 'पान'मधून निघालेल्या ओळी 'ग्रेप' या शब्द शोधणाऱ्या प्रोग्रॅममध्ये सोडल्या की फक्त कवितांची यादी, किंवा एकाच लेखकाची. बाईंना फोनवर हवं ते क्षणात सांगता येऊ लागलं. मग मी 'किती दिवस पडून आहे' असा रकानाही वाढवला. कार्ड कधी तयार झालं याची सरळ नोंद कार्डावर नसते, पण त्या चोवीस अक्षरी ओळखक्रमांकातली पहिली आठ अक्षरं म्हणजे सोळाच्या अंकपद्धतीत लिहिलेली वेळ असते, १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद. एका कार्डाचा क्रमांक ६२९३८४१७ असा सुरू होत होता. उलगडला तर २९ मे २०२२, रविवार, रात्रीचे आठ वाजून दोन मिनिटं. बाईंना विचारलं. म्हणाल्या, "हो गं, वऱ्हाडातली कथा. त्यांचा फोन ठेवला आणि लगेच कार्ड केलं. टीव्हीवर बातम्या चालू होत्या." मला त्या दिवशी स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

याच कथेने मला खाली आणलं.

प्रत्येक लेखाखाली त्याच्या टिपा छापायच्या, असं आम्ही ठरवलं होतं. काकांना फलक दिसत नाही, तेव्हा बाईंच्या सूचना त्यांच्यापर्यंत जायचा हाच रस्ता. टिपा नसतील तिथे 'पान' लिहायचं : टिपा नाहीत. कागद रिकामा दिसू नये म्हणून मीच ते घातलं होतं. १७ सप्टेंबरच्या कागदावर ती कथा 'पहिलं प्रूफ'मध्ये आली. खाली लिहिलं होतं, टिपा नाहीत.

काका पन्नास वर्षं प्रुफं तपासतायत. टिपा नाहीत म्हटल्यावर त्यांनी त्यांचं काम चोख केलं. चौदा पानांच्या कथेतले संवाद त्यांनी प्रमाण मराठीत आणले. 'मले'चं 'मला', 'तुले'चं 'तुला', 'करून राह्यला'चं 'करतो आहे'. निवेदनातले ऱ्हस्व-दीर्घ सुधारले ते वेगळंच. मुलाने दुरुस्त्या चढवल्या. दुसरं प्रूफ लेखकाला गेलं. २४ तारखेला, घटस्थापना दोन दिवसांवर असताना, त्यांचा फोन आला. ते ओरडले असते तर परवडलं असतं. त्यांनी शांतपणे विचारलं, "बाई, माझ्या कथेतली माणसं पुण्याला कधी आली?"

बाईंनी फोन स्पीकरवर ठेवला होता. काका समोर. बाई म्हणाल्या, पण मी टीप लिहिली होती, संवादातली बोली जशीच्या तशी ठेवावी म्हणून. त्याच रात्री, २९ मेला. काका काही बोलले नाहीत, उठले आणि कपाटाच्या दारावरचा कागद काढून टेबलावर ठेवला. टिपा नाहीत.

मी लॅपटॉप उघडला. फलकावर टीप होती, मेच्या तारखेसह, ठळक. फायलीत नव्हती. मग जे ऑगस्टमध्ये वाचायला हवं होतं ते वाचलं : या फायलीत फक्त शेवटच्या एक हजार हालचाली येतात. कार्ड सरकवणं, तारीख बदलणं, माणूस जोडणं, टीप लिहिणं, सगळं हालचालीत धरतात. दीडशे कार्डं, सात रकाने, पहाटे पाचला कार्डं हलवणाऱ्या बाई. मेपासून सप्टेंबरपर्यंत हजार कधीच उलटले होते आणि मेमधल्या टिपा मागून गळून पडल्या होत्या. मर्यादा लिहून ठेवलेली होती, मी वाचली नव्हती. दुखरी गोष्ट म्हणजे १३ ऑगस्टच्या कागदावर ती टीप छापलेलीही असणार. तो कागद शोधला. पाठीवर तूरडाळ, पोहे, साबण.

टीप गळाली हे एक वेळ सोडून देते. माझ्या प्रोग्रॅमने काय लिहिलं, ते सोडता येत नाही. त्याला टीप सापडली नव्हती आणि त्याने लिहिलं 'नाहीत'. सापडलं नाही आणि नाही, या दोहोंतला फरक रेल्वेच्या चौकशी खिडकीतल्या माणसालाही कळतो. कंटाळला असला तरी तो 'माझ्याकडे नोंद नाही' म्हणतो. मी काकांना कोरी जागा दिली असती तर त्यांनी बाईंना विचारलं असतं. मी त्यांना उत्तर दिलं, म्हणून त्यांनी विचारलं नाही. पन्नास वर्षांच्या सवयीने त्यांनी छापील अक्षरावर विश्वास ठेवला आणि ते अक्षर मी लिहिलं होतं.

काकांनी मला एक शब्दही सुनावला नाही. त्यांनी मूळ हस्तलिखित मागवलं, पहिलं प्रूफ पुढ्यात घेतलं आणि स्वतःच्याच दुरुस्त्यांखाली टिंबं द्यायला सुरुवात केली. शब्दाखाली टिंबांची ओळ म्हणजे 'तसंच राहू द्या'. सगळं सरसकट मागे नेता येत नव्हतं, कारण निवेदनातल्या दुरुस्त्या बरोबर होत्या. शब्द शब्द बघावा लागला. शनिवारची रात्र आणि रविवार गेला. मी शेजारी बसून मोठ्याने वाचत होते, काका टिंबं देत होते. मध्येच ते थांबले आणि म्हणाले, "हे 'करून राह्यला' आहे ना, यात जोर आहे. 'करतो आहे'मध्ये नाही." मग पुढे.

सोमवारी घट बसले. रात्री मी 'पान' उघडलं. हजारांपलीकडच्या टिपा त्या फायलीतून मिळणारच नाहीत, हे उघड होतं. पण टिपा किती आहेत हे तरी कळेल का, म्हणून एका कार्डाच्या सगळ्या नोंदी पुन्हा वाचल्या, पहिल्या रात्री कचरा म्हणून गाळलेल्या. त्यांत 'बॅजेस' नावाची एक पुरचुंडी होती. कार्डाच्या तोंडावर जी बारीक चिन्हं दिसतात, त्यांचे आकडे. जोडलेल्या फायली किती, आणि टिपा किती. वऱ्हाडी कथेच्या कार्डावर आकडा होता ३. फायलीत सापडलेल्या टिपा शून्य. दोन्ही आकडे पहिल्या दिवसापासून माझ्या हातात होते. त्यातला एक मी शोभेचा समजून फेकला होता.

ऑक्टोबरपासून 'पान'मध्ये 'टिपा नाहीत' हे शब्द फक्त तिथेच येतात, जिथे बॅजवरचा आकडाही शून्य आहे. इतर ठिकाणी लिहिलेलं असतं : ५ पैकी २ दिसतात, ३ फलकावर. कागदाच्या तळाला आणखी एक ओळ येते. बाजूला ठेवलेल्या रकान्यांतली किती कार्डं सोडली, किती हालचाली फायलीत आल्या, आणि सगळ्यात जुनी हालचाल कोणत्या तारखेची. हालचाली बरोबर हजार असतील तर त्या तारखेखाली जाड रेघ. मुलगा म्हणतो, ती ओळ कुरूप दिसते. दिसते. काका कागद लावला की आधी तीच वाचतात, मग बाईंना फोन करून टिपा विचारून घेतात आणि पेन्सिलीने समासात उतरवतात. तो फोन पाच मिनिटांचा असतो, पूर्वीसारखा पाऊण तासाचा नाही. "आता कुणाला विचारायचं ते कळतं," एवढाच त्यांचा अभिप्राय.

तुमचंही काही वर्षांचं काम अशा एखाद्या फलकावर असेल, तर एकदा ते उतरवून घ्या आणि फाईल नुसती ठेवून देऊ नका, उघडून बघा. सगळ्यात जुनी टीप शोधा. सापडते का ते पाहा.

कथा त्या वर्षीच्या अंकात पान ८७ वर आहे. तिच्यात 'मले' एकोणतीस वेळा आलं आहे. मी 'ग्रेप' लावून मोजलं, काकांनी छापील अंकावर बोट ठेवून. आकडा जुळला.